वजन थांबलं, कंबर उतरली, मांडी वाढली: टेपचे आकडे कसे वाचायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर वाचताना आकडे समोर राहतील. वय ४१, उंची १५८ सेंमी. चार महिन्यांपूर्वी वजन ७८.४ किलो होतं. तुम्ही आहार आटोक्यात आणला आणि आठवड्यातून चार दिवस भरभर चालणं व दोन दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम सुरू केला. पहिल्या महिन्यात ३.२ किलो गेले, पण कंबर जेमतेम १ सेंमी उतरली, ९८ वरून ९७. पुढच्या दोन महिन्यांत वजन ७३ वर आणि कंबर ९४ वर आली. गेल्या पाच आठवड्यांत काटा ७३ च्या आसपासच घुटमळतोय, पण कंबर ९१ झाली. मांडी ६१ ची ५८.५ झाली होती, ती आता पुन्हा ५९.५ आहे. छाती ४ सेंमीनं कमी झाली, दंड जवळजवळ तसाच. यातलं खरं काय मानू आणि माझं कुठे चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

तुमचं काही चुकत नाहीये. २२ वर्षं मी लोकांना व्यायाम शिकवते आणि त्यांची मापं घेते. तुमच्या आकड्यांत मला एकही वाईट बातमी दिसत नाही. फक्त मांडीच्या मापाबद्दल एक शंका आहे, तिच्याकडे शेवटी येते.

टेप घेर मोजते, आणि त्या घेराच्या आत जे जे काही आहे त्या सगळ्याची ती बेरीज असते. कातडीखालची चरबी, पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली चरबी, स्नायू, त्यांतलं पाणी, आतड्यांतलं अन्न, वायू, सैल झालेली कातडी, हे सगळं एकाच आकड्यात येतं. दंडाच्या मापात यातल्या दोन-तीन गोष्टी असतात, कंबरेच्या मापात जवळजवळ सगळ्या. म्हणून 'इंच लॉस' असा एकच शब्द सगळ्या शरीराला लावला की गोंधळ होतो. कंबर, मांडी आणि दंड या तिघांचे आकडे वेगवेगळ्या रीतीनं वाचावे लागतात.

आधी पहिला महिना. ३.२ किलो गेले आणि कंबर हललीच नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. त्या ३.२ किलोंत चरबी किती होती ते बघू. शरीर आपल्या पिष्टमय अन्नाचा थोडा साठा ग्लायकोजनच्या रूपात ठेवतं, यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम. दर ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं, त्यातही मीठ आणि गोड कमी केलं, की पहिल्या आठ-दहा दिवसांत या साठ्यातला बराचसा भाग रिकामा होतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. आतड्यांत एरवी असलेलं अन्नही कमी होतं. एवढ्यानंच दीड-दोन किलो सहज उतरतात. हे पाणी सगळ्या शरीरातल्या स्नायूंतून जातं, एकट्या कंबरेतून जात नाही, म्हणून टेपवर ते कुठेच ठळक दिसत नाही. तुमची चरबी त्या महिन्यात किलो-दीड किलो गेली असेल आणि तीही अंगभर विखरून. काट्यानं जितकी मोठी बातमी दिली तितकी ती नव्हती. तसंच आता काटा गप्प आहे म्हणून आत काही घडत नाही, असंही नाही.

दुसरं कारण भूमितीचं आहे आणि ते फार कमी जणांना कुणी सांगतं. दोऱ्याचं भरलेलं रीळ घ्या. त्यातून दहा हात दोरा काढला तर रीळ बारीक झालं असं वाटतही नाही. संपत आलेल्या रिळातून तेवढाच दोरा काढा, फरक लगेच दिसतो. शरीराचंही तसंच आहे. घेर मोठा असताना तेवढीच चरबी मोठ्या परिघावर पसरलेली असते, त्यामुळे ती गेली तरी थर थोडाच पातळ होतो. हिशेब करून बघा. कंबरेचा ३० सेंमी उंचीचा भाग म्हणजे एक नळकांडं समजलं आणि त्यातून १ लिटर चरबी गेली, तर १०० सेंमी घेराच्या माणसाची कंबर सुमारे २.१ सेंमी उतरते, ७५ सेंमीवाल्याची २.८ सेंमी. प्रत्यक्षात माणूस नळकांडं नसतो, पण दिशा हीच. सुरुवातीचे महिने टेपवर कंजूष वाटतात आणि पुढे तेवढ्याच कष्टात जास्त सेंमी उतरतात. पहिल्या सहा आठवड्यांत 'टेपवर काहीच नाही' म्हणून सोडून देणारे लोक मी खूप पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण दिसायला लागायची वेळ जवळ आलेली असते.

याच भूमितीची एक उपयोगी बाजूही आहे. चरबीचा थर चहूबाजूंनी फक्त १ मिलिमीटर पातळ झाला, तर घेर साधारण ६ मिलिमीटर कमी होतो. आरशात १ मिलिमीटर कुणालाच दिसत नाही. टेपला दिसतो.

आता तुमचे ते पाच आठवडे, जिथे वजन थांबलं आणि कंबर ३ सेंमी उतरली. यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे 'स्नायू चरबीपेक्षा जड असतात'. हे अर्धवट आहे. एक किलो चरबी आणि एक किलो स्नायू, दोन्हींचं वजन सारखंच. फरक जागेचा आहे. एक किलो चरबी सुमारे १.१ लिटर जागा व्यापते, एक किलो स्नायू सुमारे ०.९५ लिटर. म्हणजे एक किलो चरबीच्या जागी बरोबर एक किलो स्नायू आले तरी संपूर्ण शरीराचं आकारमान फक्त १५० मिलिलिटरच्या आसपास कमी होईल, एका लहान पेल्याएवढं. चित्रांत चरबीचा गोळा स्नायूच्या दुप्पट-तिप्पट दाखवतात ते खरं नाही.

मग ३ सेंमी कुठून आले? वरच्याच हिशेबानं ९४ वरून ९१ म्हणजे कंबरेच्या भागातून साधारण सव्वा लिटर गेलं. वजन जागेवर असेल तर जवळजवळ तेवढंच कुठेतरी आलंही असणार. आणि तुमची मांडी १ सेंमीनं वाढलेली आहे. दोन्ही मांड्यांचा हिशेब धरला तर अर्ध्या लिटरहून थोडं अधिक तिथे आलं. उरलेलं पाठ, खांदे आणि नितंबांत विखुरलेलं असेल, जिथे तुम्ही टेप लावलीच नाही. म्हणजे तुमच्या शरीराचा आकार फारसा लहान झालेला नाही, त्याची मांडणी बदलली आहे. कंबरेतून गेलं, पायांत आलं. ४१ व्या वर्षी याहून चांगला सौदा मला माहीत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मांडीत आलेलं सगळं नवं स्नायू-मांस नाही. आहार आटोक्यात असताना पाच आठवड्यांत एवढे निव्वळ स्नायू वाढत नाहीत. वजनं उचलू लागलं की स्नायू जास्त ग्लायकोजन साठवायला शिकतात आणि त्यामागून पाणी येतं. शिवाय नव्या व्यायामानं स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, ती भरून काढताना तिथे सूज येते, मांड्या दुखतात आणि घेर वाढतो. ही सूज एक-दोन आठवड्यांत ओसरते, पण दर आठवड्याला वजन वाढवत राहिलात तर थोडीफार टिकून राहते. काट्यावर हेच पाणी चरबीची घट झाकून टाकतं. पाण्याचा हा पडदा बाजूला झाला की वजन एका आठवड्यात अचानक किलोभर खाली येतं, आणि लोक त्या आठवड्यात काय वेगळं खाल्लं ते आठवत बसतात.

कंबरेवर मी सगळ्यात जास्त भर देते, कारण तब्येतीशी सगळ्यात जवळचं नातं तिचं आहे. पोटावर दोन प्रकारची चरबी असते. एक कातडीखालची, जी चिमटीत येते. दुसरी आत, यकृत-आतड्यांभोवती, जी चिमटीत कधीच येत नाही. दुसरी जास्त घातक, कारण मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराशी तिचा संबंध अधिक घट्ट आहे. चांगली गोष्ट अशी की वजन थोडं उतरलं तरी तिच्यातला तुलनेनं मोठा हिस्सा आधी जातो, आणि नियमित व्यायामानं तर वजन न बदलताही ती कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे पुष्कळांच्या बाबतीत असं होतं की कंबरेचा घेर उतरतो पण बेंबीखालची चिमट तितकीच जाड राहते. त्यांना वाटतं 'पोट गेलंच नाही'. प्रत्यक्षात आतलं पोट आधी गेलेलं असतं. मागच्या वेळी कुठे चिमट घेतली होती ते आठवत असेल तर करून बघा. मोजमाप म्हणून चिमट ढोबळ आहे, पण अंदाज येतो.

कंबरेचा आकडा उंचीशी ताडून बघावा. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य मार्गदर्शन संस्थेनं २०२२ मध्ये हाच साधा नियम सांगितला: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा. गुणोत्तर ०.५ ते ०.५९ असेल तर धोका वाढलेला, ०.६ आणि त्यापुढे जास्त. तुमची सुरुवात ९८ भागिले १५८, म्हणजे ०.६२. आज ९१ भागिले १५८, म्हणजे ०.५८. ९४ ला पोहोचलात तेव्हाच तुम्ही वरचा पट्टा ओलांडून खाली आलात. तुमची निम्मी उंची ७९ सेंमी आहे, म्हणजे अजून १२ सेंमी बाकी. हा आकडा लांबचा वाटेल, पण रिळाची गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे सेंमी पहिल्यांपेक्षा स्वस्तात मिळतात. दक्षिण आशियाई बांध्याच्या स्त्रियांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० सेंमी ही धोक्याची रेषा धरली आहे. युरोपीय पुरुषांसाठी ती ९४ आहे. आपल्याकडे तेवढ्याच घेरात आतली चरबी जास्त असते, हे त्यामागचं कारण.

पण हे सगळं माप नीट घेतलेलं असेल तरच. कंबर 'कुठे' मोजली यावर आकडा काही सेंमींनी बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी: कुशीत हातानं चाचपडून सगळ्यात खालची बरगडी शोधायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची आणि दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप लावायची. काही जण कमरेच्या हाडाच्या लगेच वर मोजतात, काही बेंबीवर, काही जिथे सगळ्यात बारीक वाटेल तिथे. मधोमधची आणि कमरेच्या हाडाच्या लगेच वरची, या दोन्ही पद्धती चालतील. बेंबी मी टाळते, कारण पोट उतरू लागलं की बेंबीची जागाच वरखाली होते. सगळ्यात बारीक जागा डोळ्यांना दर वेळी वेगळी दिसते. जी पद्धत धराल ती वहीत लिहून ठेवा आणि मग तिला चिकटून राहा.

पाय जवळजवळ, वजन दोन्ही पायांवर सारखं, हात सैल. टेप पाठीमागे घसरलेली नाही ना हे आरशात बघा, कारण तिरकी टेप आकडा वाढवून दाखवते. श्वास नेहमीसारखा सोडून संपतो त्या क्षणी वाचा. पोट आत ओढू नका आणि मुद्दाम फुगवूही नका. टेप अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. दोनदा मोजा. दोन्ही आकड्यांत १ सेंमीपर्यंत फरक असेल तर सरासरी घ्या, जास्त असेल तर दोन्ही खोडून पुन्हा मोजा. कापडी टेप वर्षानुवर्षं वापरली की ताणली जाते आणि मग आकडे आपोआप 'चांगले' येऊ लागतात. वर्षातून एकदा ती पोलादी पट्टीवर ठेवून तपासा.

वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याच्या आधी. त्याच दिवशी संध्याकाळी मोजलंत तर दोन-तीन सेंमी जास्त भरतील. त्यात चरबी एक कणही नसते. आहारात चोथा एकदम वाढवला असेल तर सुरुवातीचे आठवडे पोट फुगतं, तेव्हाही कंबर खोटं बोलते.

पाळी येत असेल तर तिच्या आधीचे सात-आठ दिवस मापांसाठी निकामी. शरीर पाणी धरून ठेवतं, पोट जड होतं, स्तन सुजतात, वजन किलो-दोन किलो वर जातं. या आठवड्यातलं माप पाळीनंतरच्या मापाशी ताडून कितीतरी बायका निराश होतात. पाळीचा पहिला दिवस १ धरून ६ ते १० या दिवसांतलं माप मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांतल्या मापाशी ताडा. तुमच्या पत्रात तारखा आहेत पण पाळीचे दिवस नाहीत. तेवढे वहीत जोडा.

छातीबद्दल. स्तनांत ग्रंथींच्या ऊती असतात आणि चरबीही असते. हे प्रमाण प्रत्येकीत वेगळं असतं. ज्यांच्यात चरबीचा वाटा मोठा त्यांची छाती लवकर उतरते. छातीचा घेर म्हणजे पाठही आलीच आणि पाठीवरची, काखेजवळची चरबी बऱ्याच जणींची सुरुवातीलाच जाते. स्तनांच्या खाली, बरगड्यांवरही एक माप घ्यायला लागा. ते उतरलं असेल तर ४ सेंमींतला मोठा भाग पाठीचा आहे असं समजा. कुठून आधी जाईल आणि कुठून शेवटी, यावर आपली सत्ता नाही. ते अनुवंश आणि संप्रेरकं ठरवतात. स्त्रियांत नितंब आणि मांड्यांवरच्या चरबीच्या पेशी साठा सोडायला नाखूश असतात, म्हणून तिथे उशीर लागतो. रजोनिवृत्तीनंतर हे चित्र बदलतं आणि चरबीचा ओढा पोटाकडे वळतो.

'मग त्या जागेचाच व्यायाम करू का' हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. १९७१ मध्ये टेनिसपटूंवर झालेला एक साधा, सुंदर अभ्यास यावर पुरेसा आहे. हे खेळाडू वर्षानुवर्षं एकाच हातानं खेळत आलेले. त्यांच्या दोन्ही हातांची मापं घेतली तेव्हा खेळणाऱ्या हाताचा घेर जास्त निघाला, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांत सारखीच होती. स्नायू ज्या हातानं कष्ट केले त्याचे वाढले. चरबी मात्र सगळ्या शरीराच्या सामायिक खात्यातून खर्च झाली. पोटाचे व्यायाम जरूर करा, पोटाचे स्नायू आणि पाठ बळकट होते. त्यानं फक्त पोटाची चरबी वितळेल अशी आशा धरू नका.

आणि चरबी 'वितळत' तर नाहीच. ती जळते, आणि तिचं जे होतं ते ऐकून माझ्याकडे शिकायला येणारे दर वेळी थक्क होतात. २०१४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हा हिशेब मांडला: १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांवाटे बाहेर पडतात आणि १.६ किलोंचं पाणी होतं. घामाच्या पट्ट्या, प्लास्टिकचे पट्टे यांनी कंबर तासाभरासाठी एक-दीड सेंमी उतरते ती दाबानं आणि पाणी गेल्यानं. पेलाभर पाणी प्यायलं की परत येते. चरबीच्या पेशी मात्र कुठे जात नाहीत, त्या आकसतात. मोठ्या माणसात त्यांची एकूण संख्या जवळजवळ कायम राहते. वजन परत वाढलं की घेर पूर्वी होता तिथेच आधी परततो, असं अनेकांना जाणवतं, ते यामुळेच.

दंडाचं माप. ३३ चं ३२.५, म्हणजे बदल नाही, कारण अर्धा सेंमी ही मोजण्यातली चूकही असू शकते. पण न बदललेला दंड ही चांगली गोष्ट असू शकते. चरबीचा थर पातळ झाला आणि आतला स्नायू तेवढाच भरला, तर घेर तोच राहतो. हे ओळखायचं कसं? मापाशेजारी ताकद लिहून. किती वजन, किती वेळा उचललं. घेर तोच आणि ताकद वाढलेली, तर आतली अदलाबदल चालू आहे. घेर कमी आणि ताकद तीच किंवा वाढलेली, तर चरबी गेली. घेर कमी आणि ताकदही घटलेली, तर स्नायू जातायत, आणि मग थांबून आहार बघायला हवा.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं वजन दीड महिना हललं नाही. मी टेप लावली नाही, ताकद लिहून ठेवली नव्हती, सरळ खाणं आणखी कमी करायला सांगितलं. काटा उतरला. तीन महिन्यांनी त्यांना पूर्वीच्या निम्मं वजनही उचलेना, पोटऱ्या बारीक झालेल्या आणि पोट जवळजवळ तसंच. काटा उतरतोय म्हणून आम्ही दोघी खूश होतो आणि जात होते स्नायू. तेव्हापासून कंबर, मांडी, पोटरी आणि ताकद वहीत नसेल तर मी कुणाचंही खाणं कमी करत नाही.

नुसत्या आहारावर वजन उतरवलं तर गेलेल्या वजनात ढोबळमानानं चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो, त्यात स्नायूही आले. वजनं उचलणं आणि पुरेशी प्रथिनं यांनी हा हिस्सा खूप कमी करता येतो. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हे उद्दिष्ट ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. आणि आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्क्याहून वेगानं उतरू नका. तुमच्या बाबतीत तो आकडा साधारण ३६५ ते ७३० ग्रॅम येतो.

पोटरीचं माप तुम्ही घेत नाही, ते सुरू करा. तिथे चरबी तुलनेनं कमी असते, त्यामुळे स्नायूंची खबर तिथून बरी मिळते. आशियाई वृद्धांमध्ये स्नायू घटल्याची शंका घेण्यासाठी पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंमीपेक्षा कमी पोटरी ही खूण वापरतात. तुम्ही त्या वयाच्या नाही, पण घरात कुणी साठी-सत्तरीतले वजन उतरवत असतील तर त्यांच्यासाठी कंबरेइतकंच हे माप महत्त्वाचं आहे.

मानेचं आणि मनगटाचं माप हवं तर घ्या, निर्णय त्यावर अवलंबून नसतात. घरच्या वजनकाट्यावर पायांतून वीज सोडून दिसणारा चरबीचा टक्का मी बघत नाही. तो शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो, आणि पाणी तर रोज बदलतं.

काही मापं मात्र डॉक्टरांकडे न्यायची असतात. एकच पोटरी दुसरीपेक्षा ठळक जाड, दुखरी, सुजलेली असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. दोन्ही पोटऱ्यांत ३ सेंमीहून जास्त फरक डॉक्टरही गांभीर्यानं घेतात. त्याच दिवशी दाखवा. हातपाय बारीक होतायत आणि पोट मात्र वाढतंय, किंवा काही न करता वजन आणि सगळे घेर उतरतायत, तर व्यायामाची वही बाजूला ठेवून तपासणी करून घ्या.

आता तुमचं पुढचं. खरोखर अडकलो असं कधी म्हणायचं? वजनाची आठवड्याची सरासरी आणि कंबर, दोन्ही सलग चार ते सहा आठवडे जागेवर असतील तेव्हा. तुमच्याकडे कंबर चालू आहे, म्हणून आज खाण्यातलं काहीही कमी करू नका. पुढे कधी दोन्ही थांबले तर घाबरू नका. लहान झालेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते, गेलेल्या दर किलोमागे रोज साधारण २० ते २५ कॅलरी. पाच-साडेपाच किलो गेले म्हणजे सव्वाशे कॅलरींच्या आसपास. तेवढा बदल आहारात किंवा चालण्यात केला की पुन्हा गाडी हलते. उपास करायची गरज नसते.

कंबर दोन आठवड्यांनी मोजा, बाकी मापं महिन्यातून एकदा. रोज टेप लावणारे लोक पाणी आणि वायू मोजत बसतात आणि मन खचवून घेतात.

आणि मांडीबद्दलची ती शंका. तुम्ही 'मांडीच्या सगळ्यात जाड भागावर' मोजलं असं लिहिलंय. ती जागा दर वेळी दोन बोटं वरखाली होते आणि तेवढ्यात सेंमीभर फरक पडतो. शिवाय ५९.५ हा आकडा वजनांच्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीचा आहे, असं तुमच्या तारखांवरून दिसतंय. म्हणजे त्या १ सेंमीत थोडी सूज आणि थोडी चुकलेली जागा असणार, आणि वर मांडीत अर्धा लिटर आल्याचा जो हिशेब मी केला तोही त्या मानानं सैलच धरा. पुढच्या वेळी उभं राहून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून २० सेंमी मोजा, तिथे पेनानं खूण करा, दोन्ही पायांवर वजन सारखं ठेवा आणि खुणेवर टेप लावा. हे पाळीच्या सातव्या-आठव्या दिवशी करा, पायांच्या व्यायामाला निदान दोन दिवस झालेले असताना. जुने आकडे या नव्या जागेशी ताडू नका, तिथून नवी सुरुवात धरा. दोन महिन्यांनी खांद्यावर वजन घेऊन बैठका मारताना आजच्यापेक्षा जास्त वजन पेलत असाल आणि मांडी तेवढीच असेल, तर आहार आणि व्यायाम आहे तसाच चालू ठेवा.